हात सोडा, आजी

सुकापूर
सोमवार, ६ जानेवारी २०२५

माझी लाकडी फणी तुझ्या बॅगेतून गेली. मोठ्या दातांची, एका टोकाचे दोन दात तुटलेली. चार महिने होत आले, मी बोलले नाही. पण आता तुझी जाऊ किशोरी मला प्लास्टिकच्या कंगव्याने विंचरते, आणि विंचरते म्हणजे गवत उपटते. तिला सकाळी घाई असते. फणी माझ्या आईची होती. पाठवून दे.

मनिषास आशीर्वाद. प्राचीलाही.

तुला वाटेल, म्हातारीला पत्र कुठून सुचलं. फोन तू घेत नाहीस. घेतलास तर "हं" म्हणतेस, आणि तुझ्या "हं"चे अर्थ लावत बसायला मला वेळ नाही. माझी चौथीपर्यंत शाळा झाली आहे, लिहिता येतं. लिहिताना हाताला मास्तरांची भाषा येते, बोलताना तोंडाला घरची. त्यावर मायलेकी हसू नका.

दुसरं काम असं की माझ्या साखरेच्या रिपोर्टांची फाईल सापडत नाही. ती तूच ठेवायचीस. कुठे ठेवलीस ते कळव. डॉक्टरणीला पाहिजे आहे.

डॉक्टरीण कशाला, तर माझा उजवा हात वर जात नाही. खांद्याच्या रेषेपर्यंत येतो आणि आतून कोणी कडी लावल्यासारखा थांबतो. मागेही जात नाही. अंबाडा बांधता येत नाही, पाठीला साबण लागत नाही, पदर मागे टाकायला डावा हात बोलवावा लागतो. लिहिता येतं, कारण लिहायला खांदा लागत नाही.

तुझ्या दिराने, निकेशने, मला नवीन पनवेलला एका मुलीकडे नेलं. आभा नाव तिचं. दवाखाना म्हणे, पण सुई नाही, गोळी नाही. भिंतीला दोऱ्या, दाराला कप्पी, कोपऱ्यात माझ्या कमरेएवढा फुगा. मी निकेशला म्हटलं, "आरं, दवाखान्यात आणलंस का जत्रंत?"

ती म्हणाली, "आजी, याला फ्रोजन शोल्डर म्हणतात."

"म्हंजे बर्फातला?"

"हो, गोठलेला खांदा. आधी दुखतो, मग गोठतो, मग हळूहळू सुटतो. वेळ लागतो."

मी बर्फातला बोंबील जन्मात घरात घेतला नाही, आणि आता अंगातच बर्फातला माल निघाला. कसा गोठतो, तेही या पनवेलच्या उकाड्यात, ते मला कळलं नाही. साखर असलेल्यांना हे जास्त होतं असंही ती म्हणाली. साखर रक्तात, दुखणं खांद्यात, मधली वाट कोणती तेही कळलं नाही.

मग विचारलं, "सुरुवात कशी झाली? पडलात का? हिसका बसला?"

मी सांगितलं, मोरीत घसरले. तुला कोणी विचारलं तर तूही तेच सांग.

पहिला व्यायाम असा. डावा हात टेबलावर टेकायचा, कमरेत वाकायचं, उजवा हात खाली लोंबता ठेवायचा आणि अंगाच्या झोक्याने त्याला गोल गोल फिरू द्यायचं. हाताने स्वतः काही करायचं नाही. माझा हात काही न करता राहीना. ती सारखी म्हणत होती, "हात सोडा, आजी. हात सोडा."

"आगो, धरलाय कुनी?"

"तुम्हीच."

हे मला अजून समजलेलं नाही.

फणी पाठव. फाईल कळव.

गंगाबाई


सुकापूर
२२ जानेवारी

मी पत्र लिहिलं तुला आणि उत्तर आलं प्राचीचं, तेही मोबाईलमध्ये आवाज भरून. हे कुठलं वळण? किशोरीने ते स्वयंपाकघरात मोठ्याने लावलं. कुकरच्या शिट्टीत मी ऐकलं, "आजी, आई म्हंते फाईल देवाच्या खालच्या खणात हाय. आनि फणीचं म्हंते, बॅग तवाच तपासायची व्हती."

किशोरी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, तुझा कुकर बघ.

मनिषा, मी बॅग तपासायला ओढली नव्हती.

ते जाऊ दे. फाईल मिळाली. खणात, तू म्हणालीस तिथेच, तारखेप्रमाणे लावलेली. आभाने ती बघून म्हटलं, "कोणी ठेवली एवढी नीट?" मी म्हटलं, सून आहे. किती वेळ ती पानं उलटत होती. मला वाटतं तुझं अक्षर बघत होती.

तब्येतीचं सांगते. तिच्याकडे दोन पट्ट्या खिळ्याने जोडलेल्या आहेत, त्याने ती हात मोजते. म्हणाली, "पंच्याऐंशी डिग्री." मी म्हटलं, मग ताप नाही. ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. ती डिग्री वेगळी. हात सरळ वर गेला तर एकशे ऐंशी. म्हणजे माझी अर्धी पण नाही. तापात जास्त झाली की वाईट, इथे जास्त झाली की चांगली, आणि प्राची तीन वर्षं शिकते तीही डिग्रीच. एका शब्दाला किती कामं लावायची?

नवा व्यायाम भिंतीचा. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून वर चालवायची, पालीसारखी. जिथे अडेल तिथे दहा मोजायचे, पेन्सिलीची रेघ मारायची, तशीच चालत खाली आणायची. आपल्या घरात मोकळी भिंत एकच, पॅसेजमधली, तुझ्या खोलीच्या दाराशी, जिथे वर मीटरची पेटी आहे. रोज तिथे उभी असते. येणारे जाणारे मला वळसा घालून जातात. किशोरीची इरा परवा विचारत होती, "आजी, तुला शाळेत शिक्षा झाली का?" तिसरीतली पोर ती, तिला दुसरं काय सुचणार. मी म्हटलं, हो.

ते दारसुद्धा उघडंच असतं. आत इराचं अभ्यासाचं टेबल दिसतं. तुला माहीत आहेच.

आभा म्हणते मी फसवते. हात वर जात नाही तर मी आख्खा खांदा कानाशी नेते आणि वाटतं हात गेला. तिने माझ्या खांद्यावर आपला तळवा दाबून ठेवला आणि म्हणाली, "आता न्या." एक बोटभर गेला. "बघा, खरा एवढाच जातो." मी म्हटलं, मी जन्मात कोणाला फसवलं नाही. लगेच तिने परत विचारलं, सुरुवात कशी झाली. मी म्हटलं, तांदळाची गोण उचलली. ती म्हणाली, "मागच्या वेळी मोरी होती."

मी म्हटलं, गोण मोरीत होती.

तूच लिही. प्राचीचा आवाज गोड आहे, पण मी पत्र तिला घातलं नव्हतं.

गंगाबाई


सुकापूर
१३ फेब्रुवारी

आठ दिवस व्यायाम बंद आहे, खांद्यावर फोड आलाय आणि घरातली सगळी मला मूर्ख समजतात. तू इथे असतीस तर हे झालं नसतं, म्हणजे तू मला तवाच हातात दिला नसतास.

असं झालं. आभाने सांगितलं होतं, व्यायामाआधी दहा मिनिटं कोमट शेक. तिच्याकडे त्याची पिशवी असते. मी म्हटलं, मिठागरावर वाढलेल्या बाईला शेक शिकवते का ही? मी खडे मीठ तव्यावर चांगलं तडतडेस्तोवर भाजलं, फडक्यात बांधलं आणि खांद्यावर आवळून बसले. शिवाय गोठलेलं आहे म्हणाली होती ना. लहानपणी आमच्या बापाचं मीठ होड्यांवर जायचं, बर्फात घालायला. बर्फावर मीठ टाकलं की तो पाघळतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. मीठही आहे, गरमही आहे, दोन्ही बाजूंनी सुटेल असा हिशोब केला. टीव्ही बघता बघता दुपारी डोळा लागला. जाग आली ती कातड्याच्या वासाने.

आभा फोड बघून म्हणाली, "आजी, खांदा आहे हा. बोंबील नाही."

"तूच म्हनालीस बर्फातला हाय म्हनून."

"म्हणायची पद्धत आहे ती! आत बर्फ नाहीये. सांध्याचं वेष्टन आकसलंय."

मग आधीच आकसलंय म्हणायचं. घरी येताना रिक्षात मला आणखी एक आठवलं. होडीवर मीठ घालायचे ते बर्फ पाघळावा म्हणून नव्हे, तो जास्त गार राहावा म्हणून. मग मीठ पाघळवतं का गोठवतं? दोन्ही मी बघितलंय. बाप असता तर विचारलं असतं. एकच मूठ मीठ दोन उलट कामं कशी करतं, ह्यात माझा आख्खा रविवार गेला.

रिकामी बसले की डोकं नको तिथे जातं. मी किशोरीला विचारलं, "गौरीच्या दिवशी मी मनिषाला काय बोललू?" मला नीट आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण मला ते एवढंसं आठवतं.

ती म्हणाली, "तुमी म्हनाल्या, एकट्या बाईला आख्खी खोली कशाला, इराचं टेबल लावू तिथं."

"समद्यांसमोर?"

"पंगतीत. सोळा मानसं व्हती."

मला वाटत होतं मी हळू बोलले. किशोरी म्हणते माझा हळू आवाज खालच्या मजल्यावर जातो. मला एवढंच पक्कं आठवतं की तू पुढच्या पानावर भाजी वाढलीस, आणि त्याच्या पुढच्या. हात थांबला नाही तुझा. म्हणून मला वाटलं लागलं नाही.

खोली मागितली ती इरासाठी होती. तुला काढायला नव्हती. आता हे वाचताना मलाच ते पटत नाही, पण तसंच होतं.

उरणला तुला ज्या कंपनीच्या कँटीनमध्ये काम लागलं, तिथे पोळ्या तू लाटतेस का नुसता हिशेब बघतेस? प्राची काही धड सांगत नाही. खांदा सांभाळ. लाटण्याने जातो.

गंगाबाई


सुकापूर
२० मार्च

एक साधी गोष्ट विचारते आणि तिचं उत्तर मोबाईलमधून नको. प्राचीचा आवाज आला, "आजी, आई विचारते हात कसा हाय?" हे तू विचारलंस, का पोरीने आपल्या मनाने "आई विचारते" चिकटवलं? मी ते किशोरीकडून सात वेळा लावून घेतलं. मागे भांड्यांचा आवाज आहे. भांडी तू घासत असशील तर तू तिथेच होतीस. नळ चालू आहे, मग बंद होतो. "हात कसा हाय" नंतर बंद होतो. ह्याचा अर्थ काय लावायचा?

तू विचारलं असशील तर ऐक. एकशे दहा. फोड वाळला. आता दाराची कप्पी सुरू आहे. दोरीचं एक टोक डाव्या हातात, एक उजव्या. डाव्याने खाली ओढायचं की उजवा आपोआप वर जातो. चांगल्या हाताने आजारी हाताला उचलायचं. मग पाठीमागे टॉवेल धरायचा, वरचा हात खालच्याला ओढतो, अंग पुसल्यासारखं. मग आभा मला झोपवते आणि माझा दंड धरून सांधा हळू हळू खालच्या बाजूला दाबते. डोळ्यांतून पाणी येतं. ते खांद्याचं असतं.

तिचं एक सांगणं दुसऱ्याला जुळत नाही. दुखलं पाहिजे, पण दुखवायचं नाही. रोज करायचं, पण जोर नाही करायचा. ओढ लागली तर चांगलं, चमक आली तर थांबायचं. मी विचारलं, "ओढ कंची नि चमक कंची, मला कसं कळायचं?" ती म्हणाली, "ओढीत हात पुढे जातो, आजी. चमकेत मागे येतो."

शिवाय तिने सांगितलं की मे महिन्यापर्यंत पुढे सरकलं नाही तर मोठ्या डॉक्टरला दाखवू. ते गुंगी देऊन झोपवतात आणि हात फिरवून सोडवतात. मी जागी असताना हात माझं ऐकत नाही, आणि झोपेत परक्याचं ऐकणार. निकेश सहीला तयार आहे. मी नाही. तू काय म्हणतेस? माझ्या प्रत्येक दवाखान्याला तू बरोबर असायचीस, म्हणून विचारते. दुसरं काही नाही.

आणि तिने तिसऱ्यांदा विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, गणपतीचा चौरंग हलवताना. तिने वही माझ्यासमोर धरली. एकाखाली एक लिहिलेलं, मोरी, गोण, चौरंग. "आजी, मला राग नाही. पण हात वर नेऊन ओढलात का मागे नेऊन, एवढं कळलं तर बरं पडतं."

मी म्हटलं, पुढे. पुढे करून ओढला.

तेवढं मी खरं सांगितलं.

गंगाबाई


सुकापूर
गुरुवार, १७ एप्रिल

फणीबद्दल तू मला सांगायला पाहिजे होतंस. "नेली नाही" एवढे दोन शब्द लिहिले असतेस तर मी तीन महिने तुला चोर ठरवत बसले नसते. तुझ्या गप्प बसण्याने माझं किती वाकडं होतं ते तुला कळत नाही.

आशीर्वाद.

परवा सकाळी भिंतीवर बोटं चालवत होते. पेन्सिलीच्या रेघा आता दाराच्या मुठीपासून वर, वर गेल्यात, कुठे चार दिवस एकाच जागी, कुठे एकदम वीतभर. परवा शेवटची रेघ ओलांडली आणि बोटं मीटरच्या पेटीवर चढली. पेटीच्या माथ्यावर आधी धूळ लागली. किशोरी तिथे फडकं मारत नाही हे कळलं. मग दात लागले. दोन तुटलेले.

मी फणी खाली काढली आणि तिथेच जमिनीवर बसले. बसले म्हणजे पाय दुखत होते.

मग मला ते आठवलं. गौरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला खाली बसवून विंचरलंस. तेल लावलंस, अंबाडा घातलास, आणि फणी तुझ्या एकटीच्या नेहमीच्या जागी, इराच्या हाताला लागू नये म्हणून पेटीवर ठेवलीस. मग हात धुतलेस आणि बॅग उचललीस. आदल्या रात्री सोळा माणसांत मी तुला खोलीवरून बोलले होते आणि सकाळी तू माझी वेणीफणी करून गेलीस. हे मी विसरले कशी? मला साखर आहे, पण एवढी नाही.

तर फणी तू नेली नाहीस. लिहिलेलं मागे घेते. ते पत्र तुझ्याकडे आहे, ती ओळ तूच खोड.

त्याच दुपारी आभाकडे गेले. एकशे पस्तीस. मोठ्या डॉक्टरकडे जायला नको म्हणाली. मी म्हटलं, "वही काढ. मोरी, गोन नि चौरंग काट. सुनंची बॅग लिव्ह."

"बॅग उचललीत?"

"वडली."

"तुम्ही ओढलीत की तिने?"

"दोघींनी. आंदी मी."

तिने विचार केला आणि लिहिलं, "ओढाताणीत लागलं." मग विचारलं, "पण ओढलीत कशासाठी?" डॉक्टरणीला त्याची गरज नव्हती. तिला उत्तर दिलं नाही. तुला देते.

तू दाराशी उभी राहून म्हणालीस, "आई, येते." आपल्यात कोणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात, आणि मोठ्या माणसाने "ये" म्हणायचं असतं. हे शेंबड्या पोराला माहीत असतं. मी म्हटलं, "जा."

ते का म्हटलं ते मी सात महिने शोधते आहे. तुझा जीवन शेवटचा पळस्प्याला निघाला तेव्हा तोही दाराशी म्हणाला होता, "आई, येतो." मी "ये" म्हटलं होतं. नीट, तोंड भरून म्हटलं होतं. त्याला तिथे गाडीने ठोकलं, तू माझ्याबरोबर दवाखान्यात होतीस, पुढचं तुला माहीत आहे. तेव्हापासून तो शब्द मी कोणाला म्हणत नाही. म्हणून जा म्हटलं, का रागाने म्हटलं, का खोलीचं बोलले ते खरंच करून दाखवावं म्हणून म्हटलं, हे मला आजही सांगता येत नाही. बर्फावरच्या मिठासारखं आहे. दोन्ही असेल.

पण तोंडाने जा म्हटलं तेव्हाच हात पुढे गेला आणि बॅगेचा पट्टा धरला. तो तुला थांबवायला धरला होता. तू म्हणालीस, "आता बॅग पन तपासायची हाय का? बगा." आणि हिसका दिलास. खांद्यात काहीतरी कट्ट झालं. मी पट्टा सोडला नाही, तू सोडवून घेतलास. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की तपासायला नाही. तोंड उघडलं ते "फणी कुठं हाय माजी" म्हणाले. का म्हणाले मला माहीत नाही. दुसरं काही आलं नाही.

तू तोंडाचं ऐकलंस. ते मोठं होतं.

हे लिहायला तीन दिवस लागले नाहीत, एक दुपार लागली. सात महिने खांद्याला लागले.

आता कामाचं. काल मी निकेशला सांगून टेबल तुझ्या खोलीतून बाहेर काढलं. पॅसेजमध्ये, माझ्या भिंतीखाली ठेवलंय. आता मला व्यायामाला वाकून उभं राहावं लागेल, ते मी बघून घेईन. इरा रुसली. किशोरी भांडी आपटते आहे. तुझी गादी उन्हात घातली, उशीचा अभ्रा बदलला, तो माझ्या हाताने, डाव्या आणि उजव्या. खोलीत कोणी राहो न राहो, ती तुझी. उरणचं काम सोडायला मी सांगत नाही. काम कर. शनिवारी-रविवारी माणसं घरी येतात, एवढंच सांगते.

अंबाडा अजून नीट जमत नाही. हात मागे पोचतो, पण गाठ मारेपर्यंत टिकत नाही. आभा म्हणते जूनपर्यंत जमेल. मी घाई करणार नाही. फणी पेटीवर परत ठेवली आहे.

ह्या पत्राचं उत्तर मनिषाने द्यायचं. प्राचीने नाही, मोबाईलने नाही, "आई म्हणते" नाही. कागदावर, तुझ्या अक्षरात. मोठं पत्र नको, मला वाचायला चष्मा पुसावा लागतो. दाराशी उभं राहून म्हणतात तो एकच शब्द लिही. मी काय म्हणायचं ते ह्या वेळी मला पाठ आहे.

गंगाबाई